अर्ध्यावर थांबलेला धवला

हळदीच्या दिवशी सकाळी दहा वाजता शैलेशने घरातल्या सगळ्यांना मांडवात गोळा केलं, टेबलावर एक काळा स्पीकर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लेकीच्या लग्नात बापाचे डोळे भरून यायचे, तर हा गेले पंधरा दिवस नुसता ओरडत होता. आज पहिल्यांदाच हसत होता, म्हणून सगळे जरा घाबरूनच जमले.

“धवल्यांचा प्रश्न मिटला,” तो म्हणाला. “नेऱ्याची धवलारीण आज दुसऱ्या हळदीत अडकलीय. गोदूकाकी एकटी गाणार नाही म्हणते. मग मी काय केलं? ऐका.”

त्याने मोबाइलवर बोट टेकवलं आणि स्पीकरमधून त्याच्या आईचा, ठमाबाईचा आवाज आला.

‘ये गो माय गावदेवी, हलदीला ये...’

नारळ सोलत बसलेल्या त्याच्या बापाचा, काशिरामचा हात थांबला. आंब्याची डहाळी बांधायला शिडीवर चढलेला धाकटा भाऊ प्रितम शिडीवरच राहिला. नऊ महिन्यांत या घरात तो आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि तो इतका मोकळा, इतका ठणठणीत आला की शैलेशची बायको रंजिता डोळ्यांना पदर लावून आत पळाली.

कोन गावात काय किंवा आसपासच्या गावांत काय, आगऱ्यांचं लग्न म्हटलं की भटजी नंतर, आधी धवलारीण. देवांना, मानकऱ्यांना, घरातल्या वडीलधाऱ्यांना ती एकेकाच्या नावाने धवल्यातून, म्हणजे लग्नाच्या गाण्यातून, हळदीला बोलावते. तिने बोलावल्याशिवाय नवरीच्या अंगाला बोटभर हळद लागत नाही. ठमाबाईने हे चाळीस वर्षं केलं. पलीकडच्या घरातली गोदू तिची जोडीदारीण. ठमाबाईने ओळ टाकायची, गोदूने उचलायची. कुठे काही लिहिलेलं नाही, सगळं ठमाबाईच्या डोक्यात. आणि गेल्या भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, नेमकी त्या डोक्यातच रक्ताची गाठ झाली. उजवं अंग लुळं पडलं. पाय हळूहळू परत आला, हात थोडासा आला, बोलणं मात्र आलं नाही. एकच शब्द उरला: शनवार. चहा हवा असला तरी शनवार, पंखा बंद करायचा असला तरी शनवार. भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी एकदा तोंडात पदर कोंबून हसलं, आणि त्या दिवसापासून ठमाबाईने खोलीबाहेर येणं सोडलं.

“प्रितमच्या लग्नाची व्हिडिओ सीडी होती ना, नऊ वर्षांपूर्वीची? पनवेलला स्टुडिओत देऊन आवाज काढून घेतला,” शैलेश सांगत होता. “आपल्या प्रांजलला आईच्याच आवाजात हळद लागणार. बोला, आहे की नाही?”

“पण आजी बाहेर येईल ना, बाबा?” प्रांजलने विचारलं. नवरी असूनही तिच्या हातात झाडू होता, कारण या घरात कामाला कुणालाच सुट्टी नसे.

“आतून ऐकेल ती. उगाच चार लोकांसमोर बसवायची आणि...” शैलेशने वाक्य सोडून दिलं.

“दादा, त्यांना एकदा विचारूया तरी,” कोमल म्हणाली. ती धाकटी सून, प्रितमची बायको. माहेर खारघरचं, इमारतीत वाढलेली, शाळेत शिकवणारी. या घरात तिचं मत शहाणपणाचं धरलं जाई आणि म्हणूनच फारसं ऐकलं जात नसे.

“विचारून काय सांगणार ती? शनवार?”

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. काशिरामने कोयता खाली ठेवला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि कुठे जातोय ते न सांगता मांडवाबाहेर पडला.

*

खोलीचं दार लावून कोमल सासूच्या खाटेवर बसली. ठमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण डोळे टक्क उघडे होते. तो स्पीकर आतही ऐकू आला होता.

“आई, मी तुम्हाला शपथ दिलीय, ती मोडणार नाही,” कोमल हळू आवाजात म्हणाली. “पण आज नाही तर कधी?”

गोष्ट अशी होती. पनवेलला वाणी शिकवणाऱ्या भाविका मॅडमकडे कोमलच सासूला घेऊन जाई. चार महिने चित्रं दाखवून झाली, गाय म्हणा, घर म्हणा, ठमाबाई शनवारच म्हणे. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच जागी राहत नाही, गाऊन बघा. घरी येऊन कोमलने दुपारी दार लावलं आणि आठवेल तसा एक धवला गुणगुणला. तिचा सूर असा काही भलतीकडे गेला की ठमाबाई तडक उठून बसली आणि तिने अख्खी ओळ गाऊन दाखवली. शब्दांसकट. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि कोमलला हसू आवरेना, रडू आवरेना.

त्याला चार महिने झाले. रोज दुपारी दोन ते तीन, खिडकी बंद, पंखा फुल. पहिलं अक्षर कोमलने दिलं की ओळ यायची. सूर थांबला की शब्दही गेले. सगळ्यात जड होतं ते प्रांजलचं नाव. जुन्या ओळी वर्षानुवर्षांच्या सरावाने येत, पण हे नाव त्या ओळींत कधी बसलंच नव्हतं. दोन महिने त्या एका नावावर गेले. आणि इतकं करून ठमाबाईने कोमलचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता: कुणाला सांगायचं नाही. पाचशे लग्नं लावलेल्या बाईला अर्धवट काही लोकांसमोर न्यायचं नव्हतं.

“एकदाच म्हणून बघूया,” कोमल म्हणाली. “माझ्यासाठी. प्रां...”

ठमाबाईने डोळे मिटले. मग हळूच, ओठांतल्या ओठांत: ‘कुनाला हलद लागते, पांजलला लागते...’

दार उघडलं. हातावर नवी कोरी हिरवी साडी घेऊन रंजिता उभी होती, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ही दुपारची एसी लावून झोपते, असं रंजिताने धाकट्या जावेबद्दल निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं. खोलीत एसी नाही हेही ती त्या भरात विसरली होती. आता ते सगळं तिच्या तोंडावर आलं.

“अगो बाय...” ती खाटेजवळ खालीच बसली. “आई, तुमी... आनि मना कुनी सांगतला बी नाय?”

“शनवार!” ठमाबाई कडाडली. डावा हात तिने असा हलवला की अर्थ सांगायची गरज नव्हती. बाहेर एक शब्द गेला तर बघ.

“नाय सांगनार. माज्या पोरीची आन, नाय सांगनार.”

कोमलने जावेकडे साशंक नजरेने पाहिलं. रंजिताच्या पोटातली गोष्ट चहा निवेपर्यंत टिकली तर खूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रंजिताने साडीची घडी सासूच्या मांडीवर ठेवली आणि कोमलच्या पाठीवरून हात फिरवला. बारा वर्षांपूर्वी माहेरी आई वारली तेव्हा तिने कुणाला जवळ घेतलं होतं, त्यानंतर आज.

“मी तुज्याविषयी काय काय बोलली ग,” ती म्हणाली. “मना माफ कर. नाय तर करू नको, पन माज्या लेकीच्या हळदीला आईला बाहेर आन. मी यांना बघते.”

“ते शपथेवर आहे. त्यांच्या मनाशिवाय नाही.”

दोघींनी ठमाबाईकडे पाहिलं. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. साडी मात्र मांडीवरून ढकलली नाही.

*

गोदू ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. काशिरामला बघून तिने पाट पुढे सरकवला, पण मान वर केली नाही.

“गोदू, चल. शैलेश मशीन लावतो हाय. निदान बस तरी मांडवात.”

“मशीनपाशी माजं काय काम?”

“तुजाबी आवाज हाय त्यात.”

गोदूचा हात थांबला. “तुमाला सांगू का, काशिरामदादा? दवाखान्यातून आनली त्या दिवशी मी गेली व्हती. माज्याकडं बघून तोंड फिरवलान तिनं. चाळीस वर्सं मी तिची ओळ उचलली. एक येल बी चुकली नाय. आनि तोंड फिरवलान.”

“माज्याकडं बी फिरवते.”

“मग?”

“मग काय? मी रोज बसतो जाऊन,” काशिराम म्हणाला. “सकालचा चहा तिच्याजवल पितो. ती भिंत बघते, मी तिची पाठ बघतो. एक दिवस फिरंल इकडं.”

काशिराम सहसा एवढं बोलत नसे. तरुणपणी मिठागरावर दिवसभर एकट्याने फावडं मारायचं, संध्याकाळी घरी येऊन बायकोचं बोलणं ऐकायचं, असा त्याचा सगळा संसार गेला होता. बोलायचं काम तिचं, ऐकायचं त्याचं. गेल्या नऊ महिन्यांत तो आपल्या वाट्याचं काम न मिळालेल्या माणसासारखा घरभर फिरत होता आणि त्याला त्याचं फार दुःख होतं. गोदूने ते ओळखलं. तिने कोलीम झाकून ठेवला.

“साडी बदलते,” ती म्हणाली. “पन मी गानार नाय हां, आधीच सांगते.”

*

चार वाजता मांडव भरला. बायका आतल्या बाजूला सतरंजीवर, पुरुष बाहेर खुर्च्यांवर. जेवणाच्या मटणाचा वास मागच्या अंगणातून दरवळत होता, आणि वरून एखादं विमान गेलं की सगळे तेवढ्यापुरते गप्प होऊन पुन्हा बोलायला लागत. प्रांजल पिवळ्या साडीत पाटावर बसली. कोमल तिच्याजवळ हळदीचं ताट घेऊन होती आणि तिचं सगळं लक्ष ठमाबाईच्या खोलीच्या दाराकडे होतं. दार अर्धवट उघडं होतं. एवढं तर झालं, ती मनाशी म्हणाली.

शैलेशने स्पीकर लावला.

देव आले. गावदेवी आली, एकवीरा आली, वेताळ आला. एकेका देवाच्या नावाने रंजिता हळदीचं बोट लेकीच्या पावलाला लावत होती. बायकांचे डोळे ओले झाले. शैलेशने अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं. त्याने घरी ऐकून तपासलं होतं ते इथपर्यंतच. देव प्रत्येक लग्नात तेच असतात. पुढची माणसं बदलतात, हे धवलारणीच्या पोटी जन्म घेऊनही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

‘कुनाला हलद लागते,’ स्पीकरने विचारलं, आणि स्वतःच खणखणीत उत्तर दिलं: ‘प्रितमला लागते!’

कोकम सरबताचा ट्रे घेऊन निघालेला प्रितम जागीच थबकला.

“मला? परत?”

मांडवात हशा फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, “प्रितम, बस रे पाटावर!” कोमलने ताटातून मान वर न करता सांगितलं, “हौस असेल तर बसा. मांडव घातलेलाच आहे, फक्त नवरी तुमची तुम्ही शोधा.” प्रांजल तर पोट धरून हसत होती. शैलेश लालबुंद होऊन मोबाइल चाचपत होता, पण घामाने बोट सरकत होतं.

तेवढ्यात स्पीकरने मानकऱ्यांना बोलवायला सुरुवात केली.

‘हलदीला या वो दिनानाथ, हलदीला या...’

हसू एकदम मावळलं. दिनानाथ म्हणजे गोदूचा नवरा. गावातल्या प्रत्येक मांडवाचा पहिला खांब तोच रोवायचा, म्हणून पहिला मान त्याचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

‘हलदीला या वो दिनानाथ, हलदीला या...’

ज्याचं नाव घेतलं तो येऊन हळद लावेपर्यंत तेच नाव घेत राहायचं, अशी रीत. नऊ वर्षांपूर्वी दिनानाथ बिडी ओढायला गेला होता आणि चार हाका होईपर्यंत आला नव्हता. स्पीकर तिसऱ्यांदा त्याला बोलावू लागला, तसा शैलेशने स्पीकरचा गळाच धरला आणि तो बंद करून टाकला.

सगळ्यांनी गोदूकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. कोमल तिच्याकडे धावली आणि बघते तो काय, म्हातारी हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होती.

“मेला, तवाबी येलेवर आला नाय,” ती म्हणाली. “जेवान निवायचा, पन हा यायचा नाय.” मग तिने डोळे पुसले आणि शैलेशकडे वळली. “पन तू बंद कशाला केलास रे? बोलावलेला मानूस आल्याबिगर धवला थांबवायचा नसतो. तुज्या आईनं कवा थांबवला नाय. आता अर्ध्यावर मोडलास तो. पोरीच्या हळदीत.”

“काकी, मला वाटलं तुम्हाला वाईट...” शैलेशचा आवाज चिरकला. इतका वेळ मांडवभर मिरवणारा तो मोठा माणूस हातात मुका स्पीकर घेऊन उभा होता. “तुम्ही पुढे म्हणा ना. तुम्हाला येतं सगळं.”

“मी कशी म्हनू? माज्या धन्याचं नाव मी कसं घेऊ?” गोदू म्हणाली. “ती ओळ माजी नाय. ती तिची हाय.”

*

आत ठमाबाई हिरवी साडी नेसून खाटेच्या कडेला बसली होती. साडी रंजिताने नेसवली होती, ती नुसती नेसवू देत बसली होती.

स्पीकर सुरू झाला तेव्हा तिला सगळ्यात आधी राग आला. एकवीरेच्या ओळीला दम तोकडा पडला होता. व्हिडिओवाल्याने डोळ्यांवर दिवा मारला होता म्हणून. नऊ वर्षं झाली तरी ते तिला खुपत होतं, आणि आता तीच चूक गावभर वाजत होती. प्रितमचं नाव आलं तेव्हा तीही हसली, एकटीच, तोंड वाकडं करून. दिनानाथचं नाव आलं आणि ती हसायची थांबली.

मग आवाज बंद झाला, आणि गोदूचं बोलणं तिच्या कानांवर आलं. ती ओळ तिची हाय.

गोदूकडे तोंड फिरवलं होतं ते रागाने नव्हतं. गोदूला बघून तोंडातून शनवार आलं असतं, आणि ते गोदूने ऐकलेलं तिला सोसलं नसतं, इतकंच. हे सांगायला शब्द नव्हते. तेव्हाही नव्हते, आताही नव्हते. भीती अजून तशीच होती: बाहेर जावं, तोंड उघडावं आणि सगळ्या गावासमोर शनवार निघावं. पण गोदूच्या नवऱ्याला मांडवाच्या दारात तसंच उभं ठेवून आत बसणंही तिला जमेना. चाळीस वर्षांत एकाही माणसाला तिने अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

तिने चार पायांची काठी उचलली.

दारात ती दिसली तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रांजलने पाहिलं आणि ती पाटावरून उठायला लागली. ठमाबाईने डावा हात उगारून तिला खाली बसवलं. हळदीला बसलेली नवरी उठत नाही. मग ती एकेक पाऊल टाकत सतरंजीवर आली आणि गोदूच्या शेजारी, तिच्या नेहमीच्या जागी, उजव्या हाताला बसली. शैलेश पुढे झाला. “आई, कशाला त्रास...” तो म्हणाला, तसा रंजिताने भर मांडवात नवऱ्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं.

“गप उभे ऱ्हावा,” ती म्हणाली.

ठमाबाईने कोमलच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. ही त्यांची दुपारची खूण होती. कोमलने हळदीचं ताट खाली ठेवलं. तिने सासूच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू अक्षर दिलं.

“दि...”

काहीच आलं नाही. ठमाबाईचे नुसते ओठ हलले. मांडवात कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईने ते घाईघाईने छातीशी धरलं. कोमलने पुन्हा अक्षर दिलं, या वेळी सुरात. भलत्याच सुरात. ठमाबाईच्या कपाळाला आठी पडली.

‘हलदीला या वो दिनानाथ, हलदीला या...’

आवाज जुना नव्हता. एका बाजूने फाटलेला होता, दम कमी होता. पण सूर जागेवर होता आणि शब्द सगळे होते. गोदूने तो ऐकला, आणि गाणार नाही म्हणून सांगून आलेल्या बाईने पुढची ओळ कधी उचलली ते तिचं तिलाही कळलं नाही. दुसऱ्यांदा नाव घेताना ठमाबाईने गोदूच्या कमरेला कोपराने ढोसलं. ऊठ.

“मी? अगो, मी रांडावलेली बाई...”

ठमाबाईने तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि असं काही डोळे वटारले की गोदू उठली. नवऱ्याच्या नावाची हळद तिने प्रांजलच्या गालाला लावली. एकही बाई कुजबुजली नाही. कुजबुजली असती तर रंजिता तिथेच उभी होती.

मग ठमाबाईने मागची, प्रितमच्या नावावर गेलेली ओळ नीट केली. ‘कुनाला हलद लागते...’ कोमलने ‘प्रां’ द्यायला तोंड उघडलं, पण ते आधीच आलं. ‘पांजलला लागते...’ ‘र’ काही आला नाही. दोन महिन्यांत तो आला नव्हता. प्रांजल हळदीने माखलेल्या गालांनी हसत आणि रडत म्हणाली, “आजी, मी पांजलच. आजपासून मी पांजलच.” शैलेश मांडवाच्या खांबाला टेकून लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि प्रितम त्याच्या हातात जबरदस्तीने सरबत कोंबत होता. कोमलने चार महिन्यांनंतर पहिल्यांदा पाठ टेकली. तिला एवढा आनंद झाला होता की हसावं की कुणाला तरी मिठी मारावी हे सुचेना, म्हणून तिने हळदीचं अख्खं बोट नवऱ्याच्या नाकाला लावलं.

*

काशिराम बाहेर पुरुषांत बसला होता. आत काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि त्याला तेवढं पुरे होतं. मांडीवर टोपी ठेवून तो डोळे मिटून ऐकत होता. शेजारच्याने काही विचारलं तर हाताने गप्प करत होता.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांची पाळी होती, म्हणजे पहिलं नाव त्याचं. ही ओळ गोदूची. दोन्ही पोरांच्या लग्नांत ठमाबाई इथे थांबायची आणि काशिरामला हळदीला गोदू बोलवायची. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घरी तो ‘शैलेशचे बाबा’ होता, त्याआधी ‘अहो’ होता, आणि अगदी सुरुवातीला, शेहेचाळीस वर्षांपूर्वी, नुसतं खाकरणं होता. तिच्या तोंडून स्वतःचं नाव त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला मिळावं असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

गोदूने श्वास घेतला. ठमाबाईने डावा हात वर केला आणि तिला थांबवलं.

गोदूने चमकून पाहिलं. कोमलही बावरली. हे नाव त्यांनी कधी घोकलं नव्हतं. सासूबाई ते घेतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून द्यायला अक्षरही तयार नव्हतं. ठमाबाईला अक्षर नको होतं. नऊ महिने एकेका नावासाठी ती रडली होती. आता जी नावं तोंडात येत होती त्यांतलं एकही ती लाजेपायी सोडणार नव्हती, आणि हे तर मुळीच नाही.

‘हलदीला या वो काशिराम,’ तिने गायलं, ‘हलदीला या...’

बायकांमध्ये आधी ‘अगोऽऽ’ असा एकच आवाज उठला आणि मग टाळ्या पडल्या. बाहेर काशिराम डोळे मिटून तसाच बसून राहिला. आपण ऐकलं ते खरं की काय, हे त्याला समजेना.

“काशिरामदादा!” गोदू आतून ओरडली. “बोलावतेय तुमाला! बहिरे झालाव का?”

‘हलदीला या वो काशिराम, हलदीला या...’

तो उठला. टोपी खाली पडली, ती कुणीतरी त्याच्या हातात दिली. पुरुषांनी खुर्च्या सरकवून त्याला वाट करून दिली. खुर्चीपासून प्रांजलच्या पाटापर्यंत पंधरा-वीस पावलं होती, आणि तो येऊन हळद लावेपर्यंत तिला थांबता येणार नव्हतं.

‘हलदीला या वो काशिराम...’

“बाबा, या ना लवकर,” शैलेश डोळे पुसत म्हणाला. “आईला दम लागेल.”

“आलो, आलो,” काशिराम म्हणाला, आणि होता होईल तितका हळू चालू लागला.